कप्तान 'लई' म्हणत नाही

माझा धंदा केबलचा. आधी डिश आणि काळी जाड वायर होती, मग सेट-टॉप बॉक्स आले, आता फायबर आणि वाय-फाय आहे, पण पाथर्डीच्या आसपासच्या गावांत मी अजून केबलवालाच आहे. कुणाचं चित्र अडकलं की लोक आधी माझ्या नावानं शंख करतात आणि मग फोन लावतात. दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला गेली की निम्म्या घरांना कुलपं लागतात, तेवढी कनेक्शनं बंद होतात, आणि उरलेली टिकतील की नाही याची मी काळजी करत बसतो. काळजी करणं हा माझा जोडधंदा आहे असं माझी बायको म्हणते. वारा सुटला की मला तारा दिसतात, ढग आले की वीज दिसते, आणि दोन्ही नसलं की आज इतकं शांत कसं काय, याचा घोर लागतो. मुलगी अकरावीला नगरच्या होस्टेलवर गेली तेव्हापासून मात्र बाकीच्या सगळ्या काळज्या मी सुट्टीवर पाठवल्या.

ही मुलगी लहान असताना आमच्या पुढच्या खोलीत केबलचं सगळं सामान मांडलेलं असायचं आणि त्याच्याच शेजारी एक टीव्ही. रविवारी सकाळी शेजारशेजारच्या दोन चॅनेलवर दोन गोष्टी एकाच वेळेला लागायच्या, दोन्ही परदेशी, दोन्ही हिंदीत बोलणाऱ्या. एक कार्टून होतं. एक घर, त्यातला खादाड बाप, त्याला सांभाळून घेणारी बायको, वात्रट पोरं. मुलीच्या जन्माच्या आधीपासून ते चालू होतं आणि त्यातलं कुणी एका दिवसानंही मोठं झालेलं नव्हतं. दुसरी मालिका अवकाशातली. मोठं जहाज, त्याचा कप्तान, आणि जहाजात सगळीकडून बोलणारा एक कॉम्प्युटर. मुलगी रिमोट मांडीवर घेऊन बसायची आणि इकडे जाहिरात लागली की तिकडे उडी मारायची. दोन्हीकडं जाहिराती वेगवेगळ्या वेळी लागत, त्यामुळं तिला निम्मं हे आणि निम्मं ते दिसायचं.

बरेच दिवस तिला ही एकच मालिका वाटत होती, हे आम्हाला माहीतच नव्हतं. तिच्या हिशोबानं कार्टूनमधलं कुटुंब जेवण झालं की जहाजात बसून वर जायचं. वर गेलं की माणसं खरी होतात आणि घरी आली की चित्राची होतात, असं तिनं शेजारच्या पोरींना समजावून सांगितलेलं मी स्वतः ऐकलं आणि गंमत म्हणून सोडून दिलं. मग एकदा पॅकेज बदललं आणि कार्टूनचा चॅनेल गेला. रविवारी ती एकटी जहाजच बघत बसली. पुढच्या रविवारी पण तेच. मग माझ्याकडं येऊन रडवेली होऊन विचारते, "पप्पा, ते घरी कधी जानार?"

मी तिला समजावलं की या दोन वेगळ्या मालिका आहेत, ते वेगळे लोक आहेत, कुणी वर अडकलेलं नाही. ती ऐकायलाच तयार नाही. शेवटी मी म्हटलं, "रडू नको. दोन वायरी जोडायचा तर आपला धंदा हाय. आपुन जोडू." आणि त्या दिवशी तिथंच बसून मी कार्टूनचा बाप जहाजातून खाली आणला, घरी जेवायला घातला, आणि जेवल्यावर परत वर सोडला. तिचं रडं थांबलं. आमचा खेळ तिथून सुरू झाला.

पुढं ती पाचवीत गेली आणि नव्या बाईंनी वर्गात तिला पाणी म्हणायला लावलं. आमच्याकडं पाण्याला पानीच म्हणतात. तिनं ते तसंच म्हटलं, परत म्हणायला लावल्यावर परत तसंच म्हटलं, आणि सगळा वर्ग हसला. काही दिवस पोरगी घरात तोंडच उघडेना. मी काळजीनं अर्धा झालो. बायको म्हणाली, बोलंल, ती काय मुकी हाय का. ती बोलली, पण खेळात बोलली. म्हणाली, "पप्पा, आजपासून मी कप्तान आणि तुम्ही कार्टूनचा बाप. कप्तान शुद्ध बोलतो. तुम्ही तुमच्यासारखं बोला."

तेव्हापासून नियम ठरले. कार्टूनचा बाप आमच्या पाथर्डीचं बोलणार आणि जहाजाच्या कॉम्प्युटरला फक्त शुद्ध मराठी कळणार. बाप जहाजावर गेल्यावर पानी, पानी म्हणून ओरडायचा आणि कॉम्प्युटर म्हणायचा, आज्ञा समजली नाही. मी म्हणायचो, "आरं, तहानेनं मेल्यावर समजंल का तुला?" ती हसून लोळायची. एकदा कप्तानाच्या वतीनं मीच काहीतरी बोलायला गेलो आणि "लई भारी" म्हणालो, तर तिनं मला लगेच अडवलं. "कप्तान लई म्हणत नाही पप्पा. कप्तान अत्यंत म्हणतो." कप्तानाच्या तोंडून तिनं 'ण' घासून घासून पक्का केला. आठवीपर्यंत तिचं बोलणं रेडिओवरच्या बाईसारखं झालं होतं. घरात मात्र आमच्यासारखंच बोलायची.

मोबाईल हातात आल्यावर तिला शोध लागला की असले खेळ आम्हीच खेळतो असं नाही. तिकडं मालिका बनवणारेसुद्धा खरोखर असं करतात. एका मालिकेतली माणसं दुसरीत पाहुणी म्हणून येतात, एक भाग दंगा घालतात आणि जातात. आणि बघणारे लोक भांडत बसतात की हा भाग खरा धरायचा की नाही. मी विचारलं, "मंजी? घडलं ते घडलं की." ती म्हणाली, "तसं न्हाई पप्पा. बहुतेक वेळा धरत न्हाईत. पुढच्या भागात कुनालाच आठवत न्हाई." मला ते बिलकुल आवडलं नाही. पाहुणा आपल्या घरात येऊन गेला आणि कुणाला आठवतच नाही म्हणजे काय.

त्यावरून आमचा एक वाद झाला होता, तो मला नीट आठवतो. कार्टूनमधला बाप कौलावरून पडला, ट्रकखाली आला, त्याला शॉक लागला, तरी पुढच्या रविवारी तो ठणठणीत असतो. जहाजाच्या मालिकेत तसं नाही. तिथं मेलेला मेला. तिचा आवडता एक म्हातारा इंजिनिअर त्यात गेला तेव्हा ती जेवली नव्हती. मी विचारलं, समजा कार्टूनचा बाप जहाजावर असताना त्याला काही झालं, तर नियम कुणाचा लावायचा? तिनं बराच विचार केला. वकिलासारखा केला. मग म्हणाली, "ज्याच्या घरात घडलं, त्याचा नियम." मी म्हटलं, मग माझ्या माणसाला तुझ्या जहाजावर पाठवायचं का नाही याचा मला विचार करावा लागंल. ती हसली. मी मात्र खरंच म्हणत होतो.

दहावीला मार्क चांगले पडले. डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी नगरला होते म्हणून तिथं गेली. जायचं तिचंच ठरलं होतं, आम्ही ढकललेलं नव्हतं. होस्टेलवर मोबाईल दुपारच्या जेवणानंतर थोडा वेळ हातात देत. तेवढ्यात आईशी दोन शब्द आणि मला एक मेसेज. मेसेज म्हणजे कप्तानाचा. सकाळी मी कार्टूनच्या बापाचं काहीतरी लिहून ठेवायचो आणि दुपारी तिचं उत्तर यायचं. मी लिहिलं, "कप्तान साहेब, जहाज जरा सावलीला लावा, लई तापलंय." उत्तर आलं, "अवकाशात सर्वत्र सावलीच आहे, महोदय." कधी, "जहाजावर आज पुन्हा दोडका. खलाशी बंडाच्या तयारीत." मी खांबावर चढलेला असलो तरी मोबाईल वाजला की एक हात सोडून बघायचो. खालून लोक ओरडायचे, पडशील. मी पडलो नाही.

सुरुवातीलाच एकदा उत्तर आलं नाही. संध्याकाळपर्यंत वाट बघून मी तसाच बस धरून नगरला गेलो. तिच्या मोबाईलचं चार्जिंग गेलं होतं, बाकी काही नव्हतं. मला बघून ती मैत्रिणींसमोर लाजून अर्धी झाली. दारापाशी येऊन मला शपथ घातली की न सांगता परत यायचं नाही. मी शपथ घेतली. मी घरी येईपर्यंत बायकोनं ही गोष्ट सगळ्या पाहुण्यारावळ्यांत केली होती. त्यानंतर माझ्या काळजीला घरात काही किंमत राहिली नाही. कुणी म्हणायचं, त्याला काय विचारता, त्याला स्वप्नात पण वायर तुटलेली दिसते.

पावसाळा संपता संपता मेसेज आखूड व्हायला लागले. अभ्यास वाढला असेल, मी स्वतःला सांगितलं. तिथं मार्कांप्रमाणे पोरांचे वर्ग बदलतात, कमी पडले की खालच्या वर्गात बसवतात. एका दुपारी आलं, "कप्तानाला खालच्या डेकवर हलवण्यात आले आहे." मला वाटलं हा खेळातला नवा डाव आहे. मी लिहिलं, "खालच्या डेकला खिडकी हाय का?" तिनं लिहिलं, "नाही." एवढंच. मी तो शब्द दिवसभर मधूनमधून उघडून बघत होतो. आईशी फोनवर मात्र नेहमीसारखी बोलली होती. पैसे आहेत, जेवले, झोपते, सगळं व्यवस्थित.

पेपरात मुलामुलींच्या होस्टेलच्या बातम्या येतात, त्या पानावर मी तेव्हापासून चहाचा कप ठेवायला लागलो. काय बातम्या असतात ते इथं लिहीत नाही. ज्यांची मुलं घराबाहेर आहेत त्यांना ठाऊक आहे.

दिवाळीनंतरची गोष्ट. क्लास चालू आहेत म्हणून ती दिवाळीलाही घरी आली नव्हती. मी एका घराच्या गच्चीवर फायबरचा तुटलेला जोड करत बसलो होतो. फायबरची आतली काच केसाएवढी असते, तिथं हात हलून चालत नाही. मोबाईल वाजला. सकाळी मी लिहिलं होतं की कार्टूनचा बाप कप्तानासाठी बाजरीची भाकरी घेऊन वर यायला निघालाय. त्याला उत्तर होतं:

"लई थकलोय. जहाज आता दुसरं कुनीतरी चालवा."

मी ते परत वाचलं. लई. कुनीतरी. कप्तानानं लई लिहिलं होतं. ज्या पोरीनं 'ण'साठी रात्रंदिवस जीभ घासली होती, तिनं कुनी लिहिलं होतं. जोड हातातून सुटला आणि काच कुठं गेली ते दिसलं पण नाही.

मी बायकोला फोन लावून वाचून दाखवलं. ती हसली. म्हणाली, "घरची आठवन आली आसंल. आपल्यावानी बोलली पोरगी, तर त्यात काय झालं?"

"अगं, कप्तान लई म्हनत न्हाई."

"अहो, त्यो कप्तान न्हाई, ती आपली पोरगी हाय."

"मी तेच म्हनतोय," मी म्हटलं, पण मला काय म्हणायचंय ते मलाच तिला सांगता येईना. एका शब्दावरून धंदा सोडून नगरला पळालो हे कुणाला पटलं असतं? मी पोरीला उलट मेसेज केला, उत्तर आलं नाही. मोबाईल जमा झाला असणार. होस्टेलच्या मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, सगळं ठीक आहे, मुली क्लासला आहेत, रविवारी भेटायला या. आवाज चांगला होता त्यांचा. कुणालाही धीर आला असता.

ज्यांचं काम होतं त्या आजी खालून ओरडत होत्या, "आरं, माझं चित्र कवा येनार?" मी म्हटलं, "उद्या." गाडी तशीच स्टँडकडं हाणली. बस लागलेली होती.

करंजीच्या घाटात बस ऊसतोडीच्या ट्रकांमागं अडकली. ट्रकमध्ये भांडी, शेळ्या, गाठोडी आणि वर बसलेली माणसं. कारखान्यांकडं चालली होती. त्यांना बघायची मला सवय आहे, दरवर्षी बघतो, पण त्या दिवशी ट्रक पुढं सरकत नव्हता म्हणून मला त्या ड्रायव्हरचा राग आला. कंडक्टरचा राग आला. घाट कुणी बांधला त्याचा राग आला. मग राग संपला आणि नुसती भीती उरली. मला तो जुना वाद आठवला, ज्याच्या घरात घडलं त्याचा नियम. आमच्या घरात पोरगी रुसली, पडली, नापास झाली, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहाला हजर असायची. ते होस्टेल माझं घर नव्हतं. तिथला नियम मला माहीत नव्हता. शेजारच्या माणसानं विचारलं, तब्येत बरी न्हाई का? मी म्हटलं, गाडी लागती. मला आयुष्यात कधी गाडी लागलेली नाही.

मध्येच एकदा वाटलं, आपण चुकत असू. ती हसत खाली येईल, मैत्रिणी खिडकीतून बघतील, आणि शपथ मोडली म्हणून ती माझ्याशी महिनाभर बोलणार नाही. असंच होऊ दे, मी मनातल्या मनात म्हणत राहिलो. महिनाभर काय, वर्षभर बोलू नको.

होस्टेलवर पोचलो तेव्हा दिवस कलला होता. मॅडम म्हणाल्या, आज भेटीचा वार नाही. बसमध्ये मी दोन-तीन खोट्या गोष्टी तयार केल्या होत्या, आजी आजारी आहे वगैरे. त्यांतली एकही तोंडातून निघाली नाही. मी म्हटलं, "मॅडम, मला पोरीला बघायचंय. नुसतं बघायचंय." त्यांनी माझ्याकडं पाहिलं, माझ्या कमरेला अजून पकड अडकवलेली होती. त्यांनी वर निरोप पाठवला.

ती जिन्यानं खाली आली. चालत आली, स्वतःच्या पायांनी, एवढंच मी आधी बघितलं. वाळली होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं. मला बघून तिचा चेहरा कडक झाला.

"पप्पा, तुम्ही शपथ घेतली होती." जिन्यात दोन मुली उभ्या होत्या, म्हणून बोलणं शाळेतलं. "मी व्यवस्थित आहे. काहीही झालेलं नाही. तुम्ही उगाच येता."

सगळे 'ण' जागच्या जागी होते. एखाद्याला वाटलं असतं, झालं, बाप नेहमीसारखा खुळ्यासारखा पळत आला. क्षणभर मलाही तसंच वाटलं आणि घाबरून मी आमच्या खेळातच शिरलो. कार्टूनच्या बापाचा आवाज काढून म्हटलं, "कप्तान साहेब, भाकर आनायची राहिली की वो—"

ती हसली नाही. रागावली पण नाही. ती माझ्या पायांतल्या चपलांकडं बघत राहिली. त्या मुली वर निघून गेल्या. मॅडम फोन घ्यायला आत गेल्या. मग मी माझ्या आवाजात बोललो. मला तो आवाज लवकर सापडेना, इतकी वर्षं आम्ही मनातलं सगळं त्या दोघांच्याच तोंडून बोलत आलो होतो.

"त्यो बाप न्हाई आलेला. मी आलोय," मी म्हटलं. "कप्तान पन राहू दे. तू सांग."

"मी लिवलं हुतं की."

"कप्तानानं लिवलं हुतं."

"माझ्या तोंडानं निगतच न्हवतं पप्पा," ती म्हणाली. "मम्मीला फोन लावला की निगतंच न्हाई. मला वाटलं तुमी हसताल."

"तुजी मम्मी हसली. मी न्हाई हसलो."

ती भिंतीला टेकली आणि हळूहळू खाली पायरीवर बसली. मी तिच्या शेजारी बसलो. विचारायचं पुष्कळ होतं, विचारायची छाती होत नव्हती. ती काय सांगेल याचीच तर मला पावसाळ्यापासून भीती होती. तिनं ओढणीच्या टोकाला गाठ घातली, सोडली, परत घातली, आणि मग बोलली, अगदी हळू, आमच्या घरातल्या बोलीत.

"पप्पा, मला हितं भ्या वाटतं. माझं मलाच भ्या वाटतं. मला एकटीला हितं ठिवू नका."

याच्याहून वाईट वाक्य कुठल्या बापाला ऐकावं लागू नये. पण खरं सांगतो, ते तिच्या तोंडून, तिच्या आवाजात ऐकलं आणि माझ्या जिवात जीव आला. मी तिचा हात धरला. थंड होता, पण होता. ती आता रडत होती, मोठ्यानं, जिन्यात ऐकू जाईल असं.

"बॅग भर," मी म्हटलं. "मी हितंच बसलोय."

"परीक्षा?"

"बॅग भर, माय."